तुर्सुनचं मधलं नाव

प्रिय एल्दियार, माझ्या बछड्या,

तुला मुलगा झाला आहे. मीरिमने निरोप ठेवले, मीही ठेवले, पण फोनवर ठेवलेला निरोप म्हणजे वाऱ्याच्या कानात सांगितलेली गोष्ट, पोचली की नाही कोण सांगणार. म्हणून ही बातमी मी माझ्या हाताने लिहिते आहे. गोरापान वगैरे नाही रे, आपल्यासारखाच गव्हाळ आहे. डोक्यावरचे केस असे उभे, की कुणी दचकवलंय वाटावं. कान मात्र तुझ्या वडिलांचे, टोपी घातली तरी दोन्हीकडून बाहेर डोकावणारे. झोपताना मुठी गालाशी धरतो, तू धरायचास तशाच. मी त्याच्याकडे बघत बसते आणि चुलीवरचं दूध उतू जातं, आणि मग तुझे वडील म्हणतात, नातू बघायला पैसे पडत नाहीत, दुधाला पडतात. आणि तेच येऊन माझ्या शेजारी बसतात.

माझं अक्षर बघून हसू नकोस. चौथीपर्यंत शाळा, मग मेंढ्या, हे तुला ठाऊकच आहे. बटाटे काढून झाले की काल्बुबू काकूचा मेलिस परत मॉस्कोला निघेल, त्याच्या हाती हे पत्र देणार आहे. त्याला सांगितलंय, हातात दे, दाराखालून सरकवू नकोस. पोराचं नाव ठेवलं. पहिलं कसं ठेवलं ते आधी सांगते, मधलं कुणाचं लावलं ते नंतर. लहानपणी तू भातातले बेदाणे आधी वेचून खायचास आणि भात तसाच टाकायचास, तसं या पत्राचं करू नकोस. शेवटचं पान आधी वाचू नकोस.

तो गवतकापणीत आला. दुपारपर्यंत मीरिम वरच्या कुरणात गवत उलटत होती. मी म्हणत होते बस गं, तर म्हणे, आई, बसलं की जास्त दुखतं. मग तुझ्या थोरल्या काकांनी गाडी काढली आणि तिला तालुक्याला नेलं. काल्बुबू काकू सोबत गेली. मी घरी राहिले, कारण गाय व्यायला झाली होती. गायीला कालवड झाली आणि तासाभरात काल्बुबू फाटकातूनच ओरडत आली. चांगली बातमी आणणाऱ्याला रिकाम्या हाती धाडत नाहीत. मी घरात शिरून काहीतरी शोधायला लागले, तर ती म्हणते, शोधू नकोस गं, तो तुझा शेवाळी रुमाल दे, दोन वर्षं बघतेय मी त्याच्याकडे. दिला. माझ्या डोक्यावर तो एवढा चांगला कधी दिसलाच नव्हता, आता तिच्या डोक्यावर बघून जळते. पण नातवाच्या बातमीला स्वस्तच म्हणायचं. दुसऱ्या दिवशी बाळ घरी आलं, मी बोटावर पिवळं लोणी घेऊन त्याच्या ओठाला लावलं आणि त्याने माझं बोट असं धरलं की सोडेना. अरे, तेवढ्यासाठी माणसाने म्हातारं व्हावं.

नावासाठी आम्ही तुझी वाट बघितली. गेल्या बटाटेकाढणीला तू येऊन गेलास, मग हिवाळ्यात तुझा शेवटचा फोन आला तेव्हा मी म्हटलं होतं, मीरिमला दिवस गेलेत, तुझ्या मनात एखादं नाव असेल तर आत्ताच सांगून ठेव. तू म्हणालास, ठेवा तुम्हाला काय ठेवायचं ते. मला केवढं बरं वाटलं. सगळ्या बायकांना सांगत सुटले, बघा, शहरात राहून पोरगा रीत विसरला नाही, नाव मोठ्यांनीच ठेवायचं म्हणतो. तेव्हा मला तसंच वाटलं. त्यानंतर तुझा फोन नाही. आपल्याकडे फोन लागतो तो फक्त गवताच्या गंजीवर, म्हणून तुझ्या वडिलांनी फोन जुन्या टोपीत घालून गंजीवर ठेवला, शिडी लावून ठेवली. गुडघे धड नाहीत, तरी दिवसातून दोनदा चढायचे. एकदा फोन वाजला तर एवढ्या घाईने चढले की शिडीची पायरी मोडली. कुणी चुकून लावला होता, ओशच्या बाजारातून, कांद्याचा भाव विचारत होता. तुझे वडील त्याच्याशीही बराच वेळ बोलले.

मग सगळ्या गावाने नावं सुचवायला घेतली. नावाला पैसे पडत नाहीत ना. काल्बुबूने कुणा पैलवानाचं सुचवलं, कोपऱ्यावरच्या बाईने टीव्हीवरच्या मालिकेतलं. मी काल्बुबूला म्हटलं, तू गप्प बस, तुझा नावांचा हात मी बघितलाय. एल्दियार, तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. तुझा मेलिस झाला तेव्हा सामूहिक शेतीच्या अध्यक्षाने सुचवलं, पक्षाच्या चार थोर माणसांच्या नावांची पहिली अक्षरं जोडा, पोराचं भलं होईल. काकाकाकूंनी जोडली. आता ती चारी माणसं गेली, त्यांचे पुतळे गेले, ती शेतीही गेली, मेलिस तेवढा उरला, आणि तोही मॉस्कोत लाद्या बसवतोय.

तुझ्या वडिलांना त्यांच्या आजोबांचं नाव हवं होतं. मी म्हटलं, ठेवा खुशाल, पण मग घरातल्या बायका त्याला हाक काय मारणार? सासरच्या मोठ्या माणसांचं नाव मी तोंडाने घेत नाही, मीरिमही घेत नाही. तुझ्या थोरल्या काकांच्या नावाचा अर्थ कुऱ्हाड, तर चाळीसेक वर्षं झाली, मी कुऱ्हाडीला 'तोडणी' म्हणते. लिहिताना आज पहिल्यांदा कुऱ्हाड लिहिलं. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, असं मी ठरवलंय. तुझ्या वडिलांना मी 'अहो', नाहीतर 'एल्दियारचे बाबा'. तू तालुक्याला शाळेत होतास तेव्हाही मी अंगणातून त्यांना तुझ्याच नावाने हाक मारायचे, आणि क्षणभर मलाच वाटायचं की तू घरात आहेस.

तर पहिलं नाव मी ठेवलं. तुर्सुन. म्हणजे राहो, टिको. सगळ्या बायका हसल्या. पणजोबांच्या काळातलं नाव म्हणे, शाळेत पोरं चिडवतील. काल्बुबू काकू हसली नाही, ती सरळच बोलली. म्हणाली, अगं, ज्या घरात पोरं जगत नाहीत त्या घरात हे नाव ठेवतात, तुझ्या घरात कोण मेलंय? मी बोरसोकसाठी कणकेचे तुकडे तळत होते, तळतच राहिले. तिला काय सांगू. आपल्या गल्लीत वरच्या टोकापासून बघत ये. झापारच्या घराला कुलूप, त्यापुढच्या दोन घरांत नुसत्या म्हाताऱ्या, शाळामास्तरांची तिन्ही मुलं तिकडे, खालच्या घरात नातवंडं आहेत पण आईबाप नाहीत. मरण आलेलं नाही कुणाला, सगळी जिवंत आहेत, देवाची कृपा. पण राहिलं कोण? बाकीचे हे नाव मरणाला चकवायला ठेवतात, मी रस्त्याला चकवायला ठेवलं. तुझं नाव ठेवताना मी फार मोठं मागितलं होतं, आपली माणसं आणि आपला मुलूख, दोन्ही त्या नावात घातले. या खेपेला एवढंच मागितलं की राहो.

नाव कानात सांगायला तुझे वडीलच बसले. धुतलेली पांढरी टोपी, दाढी नीट केलेली. मांडीवर घेतलं, मक्केच्या दिशेला तोंड केलं, बांग दिली, मग वाकून म्हणाले, तुझं नाव तुर्सुन, तू… आणि त्यांना खोकला आला. अमक्याचा मुलगा, असं पुढे म्हणायचं असतं. खोकला थांबल्यावर पुन्हा म्हणाले, तुझं नाव तुर्सुन, आणि बाळ मीरिमच्या हातात दिलं. बायका म्हणाल्या, धूर झाला असेल. मलाही वाटलं, धूरच असेल, मला जे कळलं होतं ते त्यांना कुठे ठाऊक होतं, काय ते पुढे सांगते. मधल्या नावाची जागा अशी रिकामी राहिली, आणि मी मनात म्हटलं, राहू दे, तिथे एल्दियारचंच बसायचं आहे, कचेरीत जाऊन सांगायचा काय तो उशीर.

कारण बापाच्या नावाची किंमत मला विचार. माझा बाप लढाईवर गेला तेव्हा मी आईच्या पोटात होते. मी त्याला पाहिलं नाही, त्याने मला पाहिलं नाही. फोटोही नव्हता. पण रस्त्यात कुणीही म्हातारा भेटला की पहिला प्रश्न तोच, कोणाची गं तू? मी माझं नाव सांगायचे आणि मागून त्याचं. म्हातारा घोड्यावरून खाली उतरायचा. माझ्या डोक्यावर हात ठेवायचा, खिशात असेल ते, सुकं दही, साखरेचा खडा, माझ्या मुठीत घालायचा. माझ्या बापाने मला दुसरं काही दिलं नाही. पण त्या नावाच्या मागे मी कधी थंडीत उभी राहिले नाही. म्हणून माझ्या नातवाला बापाचं नाव लागलंच पाहिजे, बाप जवळ असो की लांब असो, हा माझा हट्ट होता. तो हट्ट मी मेलिसने फोटो दाखवल्यावरही सोडला नाही, हे तू लक्षात घे.

हो, मी फोटो बघितला. मेलिसला बोल लावू नकोस, त्याला दाखवायचा नव्हता. गवतकापणीला तो सुट्टीवर आला होता, ओसरीवर बसून मला मॉस्कोतली बर्फाची, पुलाची, त्याच्या खोलीची चित्रं दाखवत होता. बोटाने एक सरकवलं आणि तू आलास. बागेत उभा, खांद्यावर एक मुलगी. दोन-अडीच वर्षांची असेल. तिने तुझे केस घट्ट धरले होते आणि तू हसत होतास. मेलिसने फोन पालथा घातला. मी म्हटलं, सरळ कर. मग मी बराच वेळ बघितलं. आधी मी तुलाच बघितलं रे, वाळलास, पण हसत होतास. मग तिला बघितलं. टोपी घातली होती आणि दोन्ही बाजूंनी कान बाहेर.

मेलिसला मी दोनच गोष्टी सांगितल्या. तुझ्या थोरल्या काकांना आणि तुझ्या वडिलांना हे कळता कामा नये, आणि मीरिमला तर नाहीच. तिला तेव्हा पोर होऊन आठवडा झाला होता, अशा बातमीने दूध आटतं. त्या दिवशी मी जाजमासाठी लोकरीचा नमदा कापायला बसले. तुला आठवत असेल, दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवायचे आणि एकाच सुरीने कापायचे, यातली शिंगाची नक्षी त्यात बसवायची, त्यातली यात. कणभर वाया जात नाही. मी म्हटलं, माणसांचंही असं होत असेल, इथून कापलेलं तिकडे कुठेतरी नीट बसतं. पण बाळा, त्यासाठी दोन्ही नमदे एका जागी अंथरावे लागतात. माझ्या हातून सुरी सरकली आणि पहिल्यांदाच माझा एक नमदा फुकट गेला. कोण आधी, कोण नंतर, मीरिम की तिकडची ती, हा हिशोब मी करत बसले नाही. तुझं लग्न आम्ही ठरवलं, तू मान हलवलीस. ती मान कशी हलली होती हे आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. आठवत नाही.

बाळाचा चाळिसावा दिवस झाला. घरोघर जाऊन चिंध्या मागितल्या, चाळीस घरं आपल्या आळीत आता भरत नाहीत, म्हणून नदीपल्याडही गेले. ज्या घरात नव्वदीची म्हातारी आहे तिथून आधी मागितली, तिचं आयुष्य पोराला लागावं म्हणून. मीरिम आणि मी झबलं शिवलं, लाल, निळं, फुलाफुलांचं, वेड्यासारखं दिसणारं. रीतीप्रमाणे आधी कुत्र्याच्या गळ्यात घातलं, मग पोराच्या. कुत्र्याला ते फार आवडलं, काढू देईना. गळपट्टीच्या आतून मी एक चिंधी लावली, तुझ्या शाळेच्या पांढऱ्या सदऱ्याची. बाहेरून दिसत नाही. मीरिमने बघितलं. तिने दोरा तोडून दिला.

मग एके दिवशी आम्ही नाव नोंदवायला तालुक्याला गेलो. कचेरी वरच्या मजल्यावर. तुझ्या वडिलांचे गुडघे, ते खाली बाकावर बसले, काठीवर हनुवटी टेकून. आम्ही दोघी वर गेलो, बाळ मीरिमच्या खांद्याला. खिडकीत एक पोरगी बसली होती, नखं चेरीसारखी, पण चांगल्या घरची वाटली, बाळाकडे बघून हसली. पहिलं नाव विचारलं. मी म्हटलं, तुर्सुन. तिनेही भुवया उडवल्या, पण लिहिलं. मग तिने विचारलं, मधलं नाव? बापाचं सांगा.

मी तोंड उघडलंच होतं. तुझं नाव माझ्या जिभेवर आलं होतं रे, शपथेवर सांगते. तेवढ्यात मीरिम बोलली. हळू नाही, पुटपुटत नाही, बाहेरच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या स्वच्छ आवाजात ती म्हणाली, "ओसमोन."

एल्दियार, तीन वर्षं ती आपल्या घरात आहे. सासऱ्याच्या पुढून ती पाठ करून गेलेली नाही, त्यांच्यासमोर मोठ्याने हसलेली नाही. त्यांचं नाव मी स्वतः आजवर घेतलेलं नाही. आणि या पोरीने ते चारचौघांत असं ठेवलं, की भरलेली परात ओट्यावर ठेवावी. माझ्या कानांना ते नाव परकं वाटलं, कुणा तरुण माणसाचं वाटलं. खिडकीतल्या पोरीने माझ्याकडे बघितलं, आजी, ओसमोन म्हणजे आजोबा ना? मी मान हलवली. ती म्हणाली, म्हणजे थोरलं नातवंड तुम्हीच घेतलंत, आमच्याकडेही माझा मोठा भाऊ आजीचाच. आणि लिहून टाकलं. झालं. तिला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. कुणालाच दिसणार नाही. थोरलं नातवंड आजीआजोबांचं मूल म्हणून वाढतं, ही आपली रीतच आहे. फक्त रीत अशी की सासू मागते आणि सून डोळे पुसून देते. मी मागितलं नव्हतं. तिने न मागता दिलं.

जिन्यात मी तिचा दंड धरला. तीच म्हणाली, "आई, गल्लीत कुणी त्याला विचारलं, कोणाचा रे तू, तर बोट दाखवायला अंगणात कुणीतरी बसलेलं पाहिजे. बाबा बसलेले असतात."

मी तिला म्हटलं, तुला कुणी काय सांगितलं, मेलिसने? ती म्हणाली, मेलिसभाऊजींनी नाही. हिवाळ्यात मी फोन केला होता, एका लहान मुलीने उचलला, आणि लांब कुणाला तरी पापा म्हणून हाक मारली. मग यांचा आवाज आला, मग फोन बंद झाला. म्हणजे बघ, पोट वाढत होतं तेव्हापासून तिला ठाऊक होतं, आणि दूध आटू नये म्हणून मी तिच्यापासून लपवत होते. दूध काही आटलं नाही तिचं. आणि मलाही तेव्हा कळलं की तू फोन उचलत नाहीस तो आमच्यावर रागावून नाही, लाजून. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

खाली आलो. तुझे वडील उठून उभे राहिले. त्यांना वाटलं लांब रांग असेल, एवढ्यात झालं कसं. मीरिम मान खाली घालून उभी, तेव्हा मीच सांगितलं, अहो, तुमचं लागलं. ते म्हणाले, माझं? मग त्यांनी टोपी काढली, आतून बघितली, पुन्हा घातली. का म्हणून विचारलं नाही. मग मला तो खोकला आठवला आणि मी समजले, त्यांनाही ठाऊक आहे. त्या गंजीवर चढून चढून त्यांनी कधीतरी तुला फोनवर पकडलं असेल, किंवा कांद्यावाल्यासारखं दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल, मी विचारलेलं नाही. म्हणजे एकाच घरात, एकाच चहाच्या दस्तरखानाभोवती आम्ही तिघं बसत होतो आणि तिघंही एकमेकांपासून तुला झाकत होतो.

परत येताना पुलाशी झापारचा चुलता मेंढ्या घेऊन उभा होता. त्याने गाडीच्या खिडकीतून आत बघितलं, आणि बाळाच्या हनुवटीला बोट लावून विचारलंच, कोणाचा रे तू? आम्ही दोघी बाहेर बघायला लागलो. मेंढ्या जाईनात, गाडी हलेना. मग तुझे वडील म्हणाले, "माझा." एवढंच. घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून तुझं लहानपणीचं खोगीर काढलं, पुढे कठडा असलेलं, आणि अंधार पडेपर्यंत त्याला चरबी चोळत बसले. पोराला अजून मान धरता येत नाही.

आता हे असं आहे. तुर्सुन मला आई म्हणायला शिकेल, त्यांना बाबा. मीरिमला वहिनी म्हणेल. दूध तिचं, अंगाई तिची, आणि ती वहिनी. मी तिला म्हटलं, माझ्याच्याने नाही होणार हे, मी त्याला दोन आया शिकवीन, मोठी आई आणि खरी आई. ती म्हणाली, बघू. ती कुठे जाणार नाही म्हणते. मी म्हटलं, तू चोवीस वर्षांची आहेस, जावंसं वाटलं तर मला सांगून जा, पळून जाऊ नकोस, दागिने मी बांधून देईन. तीही म्हणते, बघू. आणि तू कधी आलास, बर्फ वितळल्यावर, किंवा आम्हाला खांदा द्यायला आलास, तर तो दारात उभा राहून तुझ्याकडे बघेल आणि आम्ही त्याला सांगू, हा तुझा दादा. तोही दादा म्हणेल. तेव्हा दचकू नकोस. त्याच्या डोक्यावर हात ठेव, खिशात काही असेल ते मुठीत घाल. घर अजून तुझंच आहे, आपल्या रीतीने धाकट्या मुलाचं असतं तसं. आता तुझ्याहून धाकटा एक झालाय एवढंच.

हे सगळं तुला मेलिसही सांगू शकला असता. मी लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी, आणि इथवर येईपर्यंत वही संपत आली. तुझ्या त्या पांढऱ्या सदऱ्याचं बाकीचं कापड मी ठेवलं होतं. त्याचं आणि उरलेल्या चिंध्यांचं एक झबलं शिवलंय, ते या पत्राबरोबर देते आहे. तुझ्या खांद्यावरच्या त्या मुलीला ते आता होणार नाही, मला कळतं, चालायला लागलेल्या पोरीला झबलं कसलं. उशाखाली ठेव. चाळीस घरांनी दिलंय, त्यांना मी कुणासाठी ते सांगितलं नाही, पण आयुष्य काही विचारून लागत नाही. मेलिसला मी खोदून खोदून विचारलं, तो म्हणतो तिला सगळे नुसतं छोटी म्हणतात, खरं नाव त्याला ठाऊक नाही. रोज बाळासाठी दुवा मागताना मी तिच्यासाठीही मागते, आणि तिच्याशी येऊन अडते, नावाशिवाय देवाला सांगू कुणाचं. तेवढं कळव. फोन करायला लाज वाटत असेल तर मेलिसच्या हाती चिठ्ठी दे, एकच शब्द लिही. फक्त पहिलं नाव. तिकडेही बापाचंच मध्ये लावतात म्हणे. तेव्हा मधलं मला ठाऊक आहे, ते मीच ठेवलं होतं.

तुझीच,
आई